अ‍ॅडोनिसची बाग : खापरातले बी आणि तत्त्वज्ञाचा दाखला

स्वयंपाकघराच्या खिडकीत फुटक्या कपात कोथिंबीर पेरण्याच्या कृतीला इतिहास असतो, असे सहसा कोणी मानत नाही. इतिहास शेतीला असतो, राजेरजवाड्यांच्या उद्यानांना असतो. खिडकीतल्या किंवा गच्चीवरल्या कुंडीच्या वाट्याला फार तर ‘हौस’ हा शब्द येतो. ही समजूत बरीच जुनी आहे. साहित्याच्या अभ्यासकांच्या परिचयाच्या एका ग्रंथात, प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादात, ती अतिशय डौलदार रूपात भेटते. त्या स्थळाविषयी आणि त्यामागे झाकल्या गेलेल्या खापरांविषयी येथे थोडे लिहावे, असा आमचा विचार आहे.

‘फीड्रस’च्या अखेरच्या भागात सॉक्रेटिस लेखनावर आक्षेप घेतो, हे सर्वश्रुत आहे. त्या ओघात तो एक प्रश्न विचारतो. ज्या बियांना फळ यावे अशी मनापासून इच्छा आहे, त्या बिया एखादा समंजस शेतकरी भर उन्हाळ्यात अ‍ॅडोनिसच्या बागेत पेरील काय, आणि आठ दिवसांत त्या तरारलेल्या पाहून हरखेल काय? असे काही त्याने केलेच, तर ते सणाची गंमत म्हणून; मोलाचे बी तो योग्य जमिनीत पेरील आणि आठव्या महिन्याची वाट पाहील. फीड्रस अर्थातच मान डोलावतो. मग निष्कर्ष निघतो, की लेखन हे त्या बागेसारखे खेळापुरते असते आणि शिष्याच्या मनात संवादाने रुजवलेले ज्ञान हीच खरी शेती. झाक देरिदाने इ.स. १९६८मध्ये ‘प्लेटोज फार्मसी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या निबंधात या उताऱ्याची उलटतपासणी केली, तेव्हापासून तो वर्गावर्गांतून वाचला जातो. चर्चा होते ती वाणी आणि लेखन यांची. ज्या वस्तूचा दाखला दिला, ती वस्तू मात्र तळटीपेच्या एका ओळीत आटोपते.

ती वस्तू अशी. अथेन्समधील स्त्रिया दरवर्षी अ‍ॅडोनिया नावाचा सण करीत. अ‍ॅडोनिस हा अफ्रोडायटीचा तरुण प्रियकर. रानडुकराच्या हल्ल्यात तो अकाली मेला. सणासाठी फुटक्या मडक्यांत माती भरून तीत लेट्यूस, बडीशेप, गहू, सातू असे झटपट उगवणारे बी पेरीत. मग ती खापरे शिडीवरून घराच्या धाब्यावर नेत. तेथे नाचगाणी चालत, मृत अ‍ॅडोनिससाठी विलाप होई, आणि शेवटी सुकलेली रोपे त्याच्या लहान प्रतिमांसह समुद्रात किंवा झऱ्यात सोडून देत. नगरराज्याच्या अधिकृत सणांत याची गणना नव्हती. त्याला पुजारी लागत नसे, खजिन्यातून खर्च मिळत नसे. शेजारणी-पाजारणी जमत आणि करीत. जर्मनीतील कार्लझ्रुए येथील संग्रहालयात इ.स.पू. चौथ्या शतकाच्या आरंभीचे एक तैलपात्र आहे. त्यावर शिडीवर चढलेली एक स्त्री (ती अफ्रोडायटीच असावी, असे अनेक जण म्हणतात) आणि तिच्या हाती खापर देणारा पंखधारी इरॉस रंगवलेला आहे. मडक्याचा वरचा अर्धा भाग उलटा धरला, की आपोआप कुंडी तयार होते, हे त्या चित्रात स्वच्छ दिसते.

या सणाविषयी अथेन्समधील जो लिखित मजकूर आपल्यापर्यंत पोचला, तो सारा पुरुषांचा आहे. अरिस्टोफनीसच्या ‘लिसिस्ट्राटा’ (इ.स.पू. ४११) या नाटकात एक अधिकारी कुरकुरतो : सभेत डेमोस्ट्राटस सिसिलीवर आरमार पाठवण्याचा ठराव मांडत होता, आणि त्याच वेळी त्याची बायको धाब्यावर अ‍ॅडोनिससाठी गळा काढत होती. पुढे प्लुटार्कने ही गोष्ट इ.स.पू. ४१५च्या त्या मोहिमेचा अपशकुन म्हणून नोंदवली. त्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने सभेतला ठराव गंभीर आणि धाब्यावरचा विलाप पोरकट. परंतु नाटक रंगमंचावर आले तेव्हा सिसिलीत सैन्याचा संपूर्ण नाश होऊन सुमारे दीड वर्ष लोटले होते. प्रेक्षकांतल्या कित्येकांची मुले तेथे मेलेली होती. अकाली गेलेल्या तरुणासाठी त्या दिवशी रडत कोण होते आणि त्यांना मरायला पाठवत कोण होते, हे अरिस्टोफनीसला कळत नव्हते, असे मानणे आम्हांस जड जाते. लॉरियलन राइटझॅमर यांनी इ.स. २०१६च्या आपल्या ग्रंथात या सणाचे गांभीर्य याच दिशेने उलगडले आहे.

आता बियांकडे वळू. सॉक्रेटिसच्या प्रश्नात असे गृहीत आहे, की या बागेला कसब लागत नाही. बी टाकले की आठ दिवसांत हिरवे होते. ज्यांनी खिडकीत लेट्यूस पेरून पाहिला आहे, त्यांना येथे थबकावे लागेल. लेट्यूसचे बी उष्णतेला बिचकते. साधारण ३० अंश सेल्सियसच्या पुढे त्याचे अनेक वाण रुजण्याचेच नाकारतात. बहुतेकांना उजेड हवा असतो, म्हणून बी खोल पुरूनही चालत नाही. थंडाव्यात तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर येतो. बडीशेप मात्र आठवडा, कधी दोन आठवडे घेते. म्हणजे सण खरोखरच भर उन्हाळ्यात होत असेल, तर खापरे आधी घरातल्या गार जागी रुजवून, ओल राखून, मगच धाब्यावरच्या उन्हात नेली जात असणार, आणि सगळी रोपे एकदम दिसावीत म्हणून बडीशेप आधी पेरली जात असणार. सणाच्या काळाविषयी वाद आहे. ‘लिसिस्ट्राटा’वरून तो वसंतात असावा, असे काहींचे मत. तरी वरील अनुमान आम्हांस सयुक्तिक वाटते. प्लेटोच्या पुढच्या पिढीतील थिओफ्रास्टस तर या खापरांकडे तंत्र म्हणूनच पाहतो. आपल्या दवण्याच्याच प्रजातीतील एका सुगंधी, थंडीला नाजूक झुडपाविषयी तो लिहितो, की त्याची लागवड अ‍ॅडोनिसच्या बागांप्रमाणे उन्हाळ्यात खापरांत करतात. तत्त्वज्ञाला जेथे पोकळपणा दिसला, तेथे वनस्पतिशास्त्रज्ञाला उपयोगी रीत दिसली.

पण जिंकला तो दाखलाच. ‘अ‍ॅडोनिसच्या बागा’ ही उथळ, अल्पजीवी गोष्टीसाठी म्हण झाली. इरॅस्मसने ती आपल्या सुभाषितकोशात घेतली. एडमंड स्पेन्सरने ‘द फेअरी क्वीन’च्या तिसऱ्या खंडात (इ.स. १५९०) ती उलटी फिरवून अ‍ॅडोनिसच्या बागेला सर्व जीवांचे बीजक्षेत्र केले खरे, परंतु त्या भव्य रूपकातही फुटके मडके उरले नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेझरने खापरांना परत प्रतिष्ठा दिली, ती शेतीचीच. ‘द गोल्डन बाऊ’मध्ये तो त्यांना पिके वाढावीत म्हणून केलेला जादूटोणा ठरवतो आणि पुराव्यादाखल थेट उदयपूरला येतो. टॉडच्या राजस्थानविषयक ग्रंथातून त्याने गौरीच्या सणाचे वर्णन घेतले आहे : स्त्रिया सातू पेरतात, ऊब देऊन रुजवतात, त्याभोवती फेर धरतात, आणि उपटलेले अंकुर पुरुषांना देतात, ते त्यांना पगडीत खोवतात. मराठी वाचकाला येथे नवरात्राचा घट आठवल्यावाचून राहणार नाही. आश्विन शुद्ध प्रतिपदेला परडीत काळी माती पसरून तीत गहू, ज्वारी पेरायची, मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवायचा, आणि घट पाझरतो त्या ओलीवर बी रुजू द्यायचे. देवघराच्या अपुऱ्या उजेडात रोपे उंच, कोवळी आणि फिकट पिवळी होतात. दसऱ्याला तेच तुरे टोपीत, फेट्यात, केसांत मिरवतात. त्यांना कणसे येत नाहीत, म्हणून कोणी त्यांना हिणवत नाही. रब्बीच्या तोंडावर घरचे बी तपासून घेण्याची ही रीत, असे स्पष्टीकरण अनेकदा दिले जाते. ते पटण्याजोगे असले, तरी घटाचे सारे मोल त्यात मावत नाही.

मार्सेल देतिएन या बेल्जियन अभ्यासकाने इ.स. १९७२मध्ये फ्रेझरचे मत खोडून काढले. त्याच्या मते ही खापरे शेतीचा जादूटोणा नसून शेतीचा व्यत्यास आहेत : डीमीटरचे धान्य, विवाह आणि संतती यांच्याविरुद्ध अ‍ॅडोनिसचा वांझ, क्षणिक विलास. मांडणी देखणी आहे. परंतु मापाची काठी पुन्हा शेतच. जॉन विंकलर यांनी इ.स. १९९०मध्ये विचारले, की यात हसते कोण आणि कोणाला? लवकर उभारून लवकर माना टाकणाऱ्या त्या रोपांत बायकांनी पुरुषांच्या पुरुषार्थाची थट्टा पाहिली असेल, तर? ही शक्यता मांडायला एवढी शतके जावी लागली, याचे आम्हांस फारसे नवल वाटत नाही.

या सणाचे आतून म्हणावे असे एकच दृश्य हाती आहे, आणि तेही एका तरुणाच्या तोंडचे. मिनँडरचे ‘सॅमिया’ हे नाटक इ.स. १९६९मध्ये बोडमर पपायरसचे प्रकाशन झाल्यावर बऱ्याच अंशी वाचता येऊ लागले. त्यात मोशियॉन सांगतो, की वडिलांनी घरात ठेवलेली सामॉसची स्त्री आणि शेजारच्या गरीब गृहस्थाची लग्नाची बायको यांचे मेतकूट जमले होते. सदा एकमेकींकडे येणे-जाणे चाले. नगराच्या कायद्याने या दोघींची पायरी एक नव्हती. एकदा तो घरी परतला, तो दोघी आणखी काही बायकांसह त्याच्याच घरी अ‍ॅडोनियासाठी जमलेल्या. रात्रभर त्या धाब्यावर बागा चढवत होत्या, नाचत होत्या, आणि त्या गलबल्यात त्याला झोप लागली नाही. त्या रात्री त्याने जे केले, त्यावर पुढचे सगळे नाटक उभे आहे. शेजारच्या मुलीला दिवस गेले. मोशियॉन त्या दिवशी आला होता शेतावरून.