काचेला भोक पडते कसे? पाच हजार वर्षांच्या झिजेचा इतिहास

१/ फिशटँकच्या काचेला भोक पाडणारा कारागीर टोकदार गिरमिट वापरत नाही. त्याच्या यंत्राला एक पोकळ नळी बसवलेली असते आणि तिच्या कडेवर हिऱ्याचे बारीक कण घट्ट बसवलेले असतात. यंत्र संथ फिरते, दाब हलका असतो आणि काचेवर पाणी सतत पडत राहते. ही रीत फिशटँकपेक्षा हजारो वर्षांनी जुनी आहे. तिचा माग इजिप्तच्या पाथरवटांपर्यंत आणि सिंधू संस्कृतीच्या मणिकारांपर्यंत जातो.

२/ आधी प्रश्न असा की, पाणी साठवणाऱ्या पेटीला भोक हवेच कशाला? लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात १८५३ साली पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. तेथे लवकरच कळून आले की साचलेले पाणी बिघडते. विल्यम आल्फोर्ड लॉइड याने त्यावर फिरत्या पाण्याचा तोडगा अमलात आणला. १८७१ साली सुरू झालेल्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयात तळाशी एक प्रचंड अंधारा हौद होता. पंप त्यातील पाणी पेट्यांत चढवी आणि ते वाहून पुन्हा हौदात येई.

३/ त्या काळच्या पुष्कळ पेट्यांचा सांगाडा लोखंडाचा, तळ पाटीच्या दगडाचा आणि काच फक्त दर्शनी बाजूला असे. नळ जोडायला काचेखेरीज जागा होती. १९६०च्या दशकापासून सिलिकॉनने जोडलेल्या, सर्व बाजूंनी काचेच्या पेट्या रूढ झाल्या आणि ही सोय संपली. आता पाण्याला वाट द्यायची तर एकतर काठावरून वक्रनळी टांगायची, नाहीतर काचेलाच भोक पाडायचे. वक्रनळीत हवा शिरली की प्रवाह तुटतो. काचेतील भोकाला हा धोका नसतो. पाणी त्या पातळीला आले की आपल्या वजनाने खाली वाहते.

४/ पण काच भोकाला सहजासहजी वश होत नाही. लाकूड दबते, लोखंडाचे चूर्ण वळणे घेत निघते. काच मात्र न वाकता तडकते. याचे मर्म ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात मांडले. काचेच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे चरे असतात. ताण त्यांच्या टोकाशी एकवटतो आणि तेथूनच तडा धावत सुटतो. टोकदार हत्यार जोराने दाबणे म्हणजे असा चरा आपल्या हाताने निर्माण करणे.

५/ म्हणून काच कापायची नसते, झिजवायची असते. काचेहून कठीण असे असंख्य कण तिच्यावर फिरवायचे आणि प्रत्येकाने धुळीएवढा अंश खरवडून न्यायचा. काठिण्याच्या मोस मापश्रेणीत खिडकीची काच साडेपाचच्या आसपास येते, क्वार्ट्‌झ ७ वर आणि हिरा १० वर. भोक पाडण्याच्या इतिहासात हत्याराचा आकार फारसा बदलला नाही. बदलत गेला तो हा कठीण कण.

६/ प्राचीन इजिप्तमध्ये तो कण होता वाळू. तांब्याची पोकळ नळी, ती फिरवण्यासाठी धनुष्यासारखी कमान आणि नळीखाली वाळू, एवढ्या साधनांवर ग्रॅनाइटला भोके पडली. नळी पोकळ असल्याने भोकाच्या मधला दगड झिजवावा लागत नसे. तो दांड्यासारखा सुटून बाहेर येई. फ्लिंडर्स पेट्री याने गिझाच्या पाहणीवरील १८८३च्या ग्रंथात अशा दांड्यांचे वर्णन केले. नळीच्या कडेवर रत्ने जडवलेली असावीत, असा त्याचा तर्क होता. पुढे डेनिस स्टॉक्स याने प्रत्यक्ष प्रयोग करून दाखवले की तांबे आणि वाळू यांनीही ग्रॅनाइट झिजतो. मात्र त्यात तांबेही भराभर झिजते.

७/ सिंधू संस्कृतीपुढचे आव्हान वेगळे होते. कार्नेलियन, म्हणजे तांबडा अकीक, स्वतःच क्वार्ट्‌झच्या जातीचा असल्याने वाळू त्याच्याहून कठीण नव्हती. अर्नेस्ट मॅके याने १९३५-३६ मध्ये चन्हुदडो येथे उत्खनन केले, तेव्हा मणिकारांच्या कार्यशाळेत दगडी गिरमिटे मिळाली. अत्यंत टणक अशा त्या दगडाला पुढे केनोयर आणि विदाले या संशोधकांनी मॅकेच्या नावावरून ‘अर्नेस्टाइट’ असे नाव दिले.

८/ केनोयर यांच्या प्रयोगांत अशा गिरमिटाने तासाला सुमारे अडीच मिलिमीटर भोक पडले. म्हणजे १० सेंटिमीटर लांबीच्या एका मण्याला ४० तास, तेही केवळ भोकासाठी. कराचीजवळील अल्लाहदिनो येथे सापडलेल्या एका कमरपट्ट्यात असे ३६ लांब मणी आहेत. मेसोपोटेमियातील उर येथील राजघराण्याच्या कबरींतही लांब कार्नेलियन मणी मिळाले. त्यांची किंमत दगडात कमी आणि दगडातून आरपार गेलेल्या त्या बारीक वाटेत अधिक होती.

९/ पुढचा कण हिऱ्याचा. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी सांगतो की, हिऱ्याच्या कपच्या लोखंडात बसवून कारागीर कठीण पदार्थ कोरतात. हिरे भारतातून जात. गुजरातेतील खंभातच्या मणिकारांनी लोखंडी सळईच्या टोकावर हिऱ्याच्या दोन कपच्या बसवून, ती कमानीने फिरवत आणि पाण्याचे थेंब सोडत अकीक भेदण्याची परंपरा विसाव्या शतकापर्यंत चालवली. ज्या भोकाला पूर्वी तास लागत, ते आता मिनिटांचे काम झाले.

१०/ महाराष्ट्रही या व्यापारात होता. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथात पैठणहून भडोच बंदराकडे अकीकाच्या जातीचे दगड मोठ्या प्रमाणात जात असल्याची नोंद आहे. सातवाहनांची राजधानी केवळ वस्त्रांसाठी प्रसिद्ध नव्हती.

११/ इजिप्तची पोकळ नळी आणि भारताचा हिरा यांचा खडक भेदण्यासाठी संयोग झाला तो १८६०च्या दशकात. लेशो या स्विस तंत्रज्ञाच्या कल्पनेतून कडेवर हिरे जडवलेली नळी तयार झाली. पेट्रीने इजिप्तविषयी केलेला तर्क त्याच्या स्वतःच्या शतकात खरा ठरला होता! डिसेंबर १९५४ मध्ये अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत कृत्रिम हिरा तयार झाला. पुढे हिऱ्याची भुकटी कारखान्यात बनू लागली आणि एके काळी राजमान्य असलेला कण हार्डवेअरच्या दुकानात येऊन बसला.

१२/ तरीही एक काच त्याला दाद देत नाही, ती म्हणजे टफन्ड काच. तापवून झटकन थंड केल्याने तिचे पृष्ठभाग दाबाखाली आणि गाभा ताणाखाली असतो. भोक त्या गाभ्यापर्यंत पोचले की साठलेला ताण एकदम सुटतो आणि क्षणात सगळ्या काचेचे बारीक तुकडे होतात. म्हणून तिला भोके टफन करण्यापूर्वीच पाडतात. काही टँकांचा तळ अशा काचेचा असतो, म्हणून आधी तपास आणि मग यंत्र.

१३/ आता पाण्याविषयी. ते काच आणि हिरा थंड ठेवते, झिजलेला चुरा वाहून नेते आणि धूळ हवेत उडू देत नाही. हे तिसरे काम सर्वांत दुर्लक्षित राहिले. खंभातमध्ये विजेची चाके आली आणि अकीक कोरडा घासला जाऊ लागला, तेव्हा सिलिकाची धूळ कारागिरांच्या फुप्फुसांत साचली. सिलिकोसिस हा असाध्य रोग तेथील घराघरांत शिरला. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने त्याचा अभ्यास केला आहे.

१४/ संग्रहालयातील मणी पाहणाऱ्याची नजर रंगावर खिळते, फिशटँक पाहणाऱ्याची माशांवर. भोकाकडे कुणी पाहत नाही. पण दोऱ्याला आणि पाण्याला वाट देणारे ते भोक कुणीतरी कणाकणाने झिजवलेले असते. त्या झिजेत दगड, तांबे आणि हिरा यांच्याबरोबर माणसेही झिजली. त्यांचे रक्षण करणारा उपाय पाण्याच्या थेंबाइतका साधा होता.