१४२८५७ : एका भागाकाराची कुळकथा

संख्यांना त्यांच्या गुणधर्मांवरून नावे देण्याची प्रथा गणितात जुनी असून १४२८५७ या संख्येला अशी तीन बिरुदे लाभली आहेत : ती चक्रीय संख्या आहे, कापरेकर संख्या आहे आणि हर्षद संख्याही आहे. ही बिरुदे परस्परांहून अगदी भिन्न कसोट्यांवर मिळालेली असली, तरी तिन्हींचे मूळ १ ला ७ ने भागण्याच्या साध्या क्रियेत सापडते.

हा भागाकार दशांशात चालू ठेवल्यास ३, २, ६, ४, ५ आणि १ अशा बाक्या क्रमाने उरतात. ७ ने भागताना शून्याखेरीज सहाच बाक्या संभवत असल्याने व येथे त्या सहाही येऊन गेल्यावर पुन्हा १ उरत असल्याने, १४२८५७ हा अंकसमूह अखंड फिरत राहतो. २ किंवा ३ ला ७ ने भागणे म्हणजे याच साखळीत निराळ्या बाकीपासून शिरणे होय. म्हणूनच या संख्येची दुप्पट २८५७१४ आणि तिप्पट ४२८५७१ होते. सहापटीपर्यंत अंक तेच राहून केवळ त्यांचे आरंभस्थान बदलते, या गुणधर्मामुळे तिला चक्रीय म्हणतात. सातपट मात्र ९९९९९९ येते. कार्ल फ्रीडरिख गाउस यांनी १८०१ च्या आपल्या अंकगणितविषयक ग्रंथात आवर्ती दशांशांचा पद्धतशीर विचार केला, तर १४२ आणि ८५७ या दोन अर्धांची बेरीज ९९९ का होते, याचे सर्वसाधारण उत्तर १८३६ मध्ये मिडी या फ्रेंच गणितज्ञाने दिले.

उरलेली दोन बिरुदे महाराष्ट्रातून आली. डहाणू येथे १९०५ मध्ये जन्मलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी देवळाली येथील शाळेत १९३० पासून १९६२ पर्यंत अध्यापन करीत असताना संख्यांचे अनेक नवे वर्ग शोधले. ज्या संख्येच्या वर्गाचे दोन भाग करून त्यांची बेरीज केली असता मूळची संख्या परत मिळते, तिला त्यांचे नाव मिळाले. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९ असून २०४०८ आणि १२२४४९ यांची बेरीज १४२८५७ होते. याचे कारण असे की या संख्येतून १ वजा केल्यास उरणाऱ्या १४२८५६ ला ७ ने निःशेष भाग जाऊन २०४०८ येतात. त्यामुळे वर्ग आणि मूळ संख्या यांतील फरक ९९९९९९ च्या बरोबर २०४०८ पट भरतो.

स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जाणाऱ्या संख्येला कापरेकरांनी आनंद देणारी या अर्थाने ‘हर्षद’ म्हटले. १४२८५७ मधील १ व ८, ४ व ५, २ व ७ या जोड्या प्रत्येकी ९ देत असल्याने बेरीज २७ होते. ९९९९९९ ला २७ ने भाग जातो आणि ७ व २७ यांना १ खेरीज सामाईक विभाजक नाही, म्हणून सातव्या भागालाही २७ ने भाग जातो.

१७, १९ आणि २३ या मूळ संख्याही ७ प्रमाणेच सर्व बाक्यांतून जाणारे पूर्ण आवर्तन देतात. परंतु अशा मूळ संख्या अनंत आहेत, हे एमिल आर्टिन यांनी १९२७ मध्ये मांडलेले अनुमान अद्याप सिद्ध झालेले नाही. १४२८५७ चे मूळ एका भागाकारात पूर्णपणे उलगडते, पण तिच्या कुळाला अंत आहे की नाही, याचा निर्णय अजून व्हायचा आहे.