राखीगढीची स्त्री आणि तिचे पूर्वज

इसवी सनपूर्व दुसऱ्या सहस्रकात मध्य आशियातील स्टेप या विस्तीर्ण गवताळ प्रदेशातून पशुपालकांचे गट भारतीय उपखंडात येऊ लागले, त्याआधी येथे राहणारी माणसे कोण होती, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकापासून विचारला जात असला, तरी त्याचे उत्तर शोधण्याची साधने दीर्घकाळ तोकडीच होती. हर्बर्ट रिस्ले या ब्रिटिश अधिकाऱ्याने नाकाच्या रुंदीचे उंचीशी असलेले गुणोत्तर मोजून भारतीयांचे वंश ठरवले. पुढे पुरातत्त्वज्ञ मोर्टिमर व्हीलर यांनी मोहेंजोदडो येथील सांगाड्यांवरून आक्रमक आर्यांनी केलेल्या कत्तलीचे चित्र रंगवले, जे त्याच सांगाड्यांच्या नंतरच्या तपासणीत टिकले नाही. या मांडण्यांचे आणि त्यांना विरोध करणाऱ्या अनेक मांडण्यांचेही एक गृहीतक समान होते, ते म्हणजे स्थलांतरापूर्वी येथे कोणी एक, एकजिनसी, ‘मूळ’ लोकसमूह नांदत होता. गेल्या काही वर्षांतील जनुकीय संशोधनाने खरा धक्का दिला आहे तो या गृहीतकाला.

त्या संशोधनाचा पहिला महत्त्वाचा टप्पा २००९ चा. हैदराबादच्या ‘सीसीएमबी’ या संस्थेतील लालजी सिंग आणि के. थंगराज यांनी अमेरिकेतील डेव्हिड राइक व त्यांच्या सहकाऱ्यांसह २५ भारतीय समूहांतील १३२ व्यक्तींच्या डीएनएचा अभ्यास करून असे मांडले की, बहुतेक भारतीयांची वंशपरंपरा ‘उत्तर भारतीय पूर्वज’ आणि ‘दक्षिण भारतीय पूर्वज’ अशा दोन प्राचीन समूहांच्या निरनिराळ्या प्रमाणातील मिश्रणातून समजावून घेता येते. ही नावे संख्याशास्त्रीय सोयीसाठी योजलेली होती. तरीही ती लगेचच लोकांच्या तोंडी बसली आणि तितक्याच लवकर त्यांचा विपर्यासही झाला. वस्तुतः प्राचीन हाडांतील डीएनए उपलब्ध होऊ लागल्यावर हे दोन्ही ‘पूर्वज’ स्वतःच मिश्र असल्याचे आणि ते मुख्यतः इसवी सनपूर्व २००० नंतर घडत गेल्याचे दिसून आले. म्हणजे ज्यांना आरंभबिंदू मानले गेले, ते समूह प्रत्यक्षात बऱ्याच उशिराच्या घडामोडींचे फलित होते.

त्यांच्याही मागे गेल्यास दोन जुने प्रवाह लागतात. पहिला येथील शिकारी-संग्राहकांचा, म्हणजे शेती व पशुपालन सुरू होण्यापूर्वी शिकार करून आणि कंदमुळे-फळे गोळा करून जगणाऱ्यांचा. संशोधक त्यांना ‘प्राचीन आद्य दक्षिण भारतीय’ म्हणतात. आजच्या भारतीयांपैकी निम्म्याहून अधिकांच्या मातृवंशाच्या खुणा, म्हणजे पेशीतील तंतुकणिकांमधून केवळ आईकडून मिळणाऱ्या डीएनएतील खुणा, ‘एम’ या जुन्या शाखेत मोडतात आणि त्या शाखेच्या येथील उपशाखांची विविधता या प्रवाहाच्या प्राचीनतेची साक्ष देते. या प्रवाहाची अमिश्र जनुकरचना मात्र कोणा सांगाड्यातून हाती आलेली नाही; मिश्रणातून इतर ज्ञात घटक वजा करून आणि त्याला दूरचे भावंड म्हणून अंदमानातील ओंगी लोकांच्या डीएनएची जोड देऊन तिचे स्वरूप अनुमानाने उभे केले जाते. अंदमानी लोक आणि मुख्य भूमीवरील शिकारी-संग्राहक यांच्या वाटा हजारो वर्षांपूर्वीच वेगळ्या झाल्या असल्याने, अंदमानींना या प्राचीन भारतीयांची जिवंत प्रतिकृती मानणे ही वारंवार होणारी चूक आहे.

दुसरा प्रवाह अधिक वादग्रस्त ठरला आणि त्याची उकल राखीगढी येथे झाली. हरियाणातील हिसार जिल्ह्यातील या हडप्पाकालीन नगरीच्या दफनभूमीत पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले. उष्ण हवामानात डीएनए झपाट्याने नष्ट होतो. त्यामुळे कवटीतील अंतर्कर्णाभोवतीच्या अतिशय घट्ट हाडाचा आधार घेऊनही, तपासलेल्या ६१ नमुन्यांपैकी केवळ एकातून वाचता येण्याजोगा डीएनए मिळाला. तो एका स्त्रीचा होता. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तिच्या जनुकरचनेत शिकारी-संग्राहकांचा अंश होता, इराणच्या प्राचीन लोकांशी नाते सांगणारा मोठा अंश होता आणि स्टेपच्या पशुपालकांचा अंश आढळला नाही. तिचा मातृवंश ‘यू२बी२’ या शाखेचा होता, जी आजही जवळजवळ केवळ दक्षिण आशियातच आढळते.

एका व्यक्तीवरून साऱ्या संस्कृतीविषयी बोलणे धाडसाचे झाले असते. परंतु त्याच वेळी प्रसिद्ध झालेल्या, ५२३ प्राचीन व्यक्तींच्या अभ्यासात तुर्कमेनिस्तानातील गोनूर आणि पूर्व इराणमधील शहर-ए-सोख्ता येथे पुरलेल्या ११ व्यक्ती त्यांच्या शेजाऱ्यांहून वेगळ्या निघाल्या आणि त्यांची ठेवण राखीगढीच्या स्त्रीशी जुळली. हडप्पा संस्कृतीचा या दोन्ही स्थळांशी संपर्क असल्याने, त्या व्यक्ती सिंधूच्या प्रदेशातून तेथे गेलेल्यांपैकी किंवा त्यांच्या वंशजांपैकी असाव्यात, हे अनुमान सयुक्तिक ठरते. विशेष म्हणजे शिकारी-संग्राहकांचा अंश या ११ जणांत सारखा नव्हता. तो सुमारे ११ ते ५० टक्के असा बदलत होता. नगरे भरभराटीत असतानाही तेथील समाज एका साच्याचा झालेला नव्हता, एवढे यातून निश्चित दिसते.

‘इराणशी नाते सांगणारा’ हा शब्दप्रयोग मात्र जपून वाचला पाहिजे. राखीगढीच्या स्त्रीतील हा अंश पश्चिम इराणच्या आद्य पशुपालकांकडून आलेला नाही. तेथील शिकारी, पशुपालक आणि शेतकरी परस्परांपासून वेगळे होण्याच्याही आधी, म्हणजे १२,००० वर्षांपूर्वीच, ही शाखा त्यांच्यापासून फुटली होती. शेतीचा उदय त्यानंतरचा असल्याने, पश्चिम इराणमधून शेतकऱ्यांचे लोंढे आले आणि त्यांनी बलुचिस्तानातील मेहरगढसारख्या इसवी सनपूर्व सातव्या सहस्रकातील वसाहती वसवल्या, ही जुनी कल्पना मागे पडते. गहू आणि जवाची वाणे पश्चिमेकडून आली असतील, पण त्यासाठी ती पिकवणारा समाजच समूहाने हलला, असे मानण्याची गरज उरत नाही.

हे निष्कर्ष जाहीर होताच वृत्तपत्रांतून परस्परविरोधी मथळे झळकले आणि स्थलांतर झालेच नाही, असा अर्थही काहींनी त्यांतून काढला. पण इसवी सनपूर्व २८०० ते २३०० च्या दरम्यानच्या व्यक्तीत जो अंश नाही, तो पुढे आलाच नाही, असे म्हणणे तर्काला धरून नाही. उलट आजच्या पाकिस्तानातील स्वात खोऱ्यात सापडलेल्या नंतरच्या काळातील दफनांत तो स्पष्ट दिसतो. दुसऱ्या बाजूने, स्टेपच्या आगमनावरच नजर खिळवणारे हे विसरतात की, आजच्या दक्षिण आशियाई लोकांच्या वंशपरंपरेतील सर्वांत मोठा वाटा हडप्पाकालीन मिश्रणाचाच आहे.

दख्खनची कथा याच मिश्रणाच्या पुढच्या अंकात येते. प्रवरेकाठच्या दायमाबादला उत्तर-हडप्पा काळातील वस्तीचा थर सापडला, तर घोड नदीकाठच्या इनामगावला इसवी सनपूर्व १६०० ते ७०० या काळात माळवा व जोर्वे संस्कृतींचे शेतकरी राहत होते, जे मृत बालकांना तोंडाला तोंड जोडलेल्या दोन कुंभांत घालून घराच्याच जमिनीखाली पुरत आणि प्रौढांचे पाय घोट्यापासून तोडून दफन करीत. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी या हाडांचा आणि दातांचा बारकाईने अभ्यास केला आणि त्यातून त्या लोकांचा आहार, आजार व पोषण यांविषयी बरेच कळले. वंशमिश्रणाच्या दृष्टीने पाहिल्यास, २०१३ च्या एका जनुकीय अभ्यासाने भारतीय समूहांमधील मोठ्या मिश्रणाचा काळ ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीचा ठरवला आहे आणि त्यानंतर जातीअंतर्गत विवाहांमुळे ते मिश्रण मंदावल्याचे दाखवले आहे; इनामगावची सारी नऊ शतके त्या कालखंडातच येतात.