वतन

'वतन' हा मूळचा अरबी शब्द. अरबीत राहते ठिकाण, जन्मगाव एवढाच त्याचा अर्थ होता. देश किंवा राष्ट्र हा आशय त्याला एकोणिसाव्या शतकात चिकटला. पॅरिसमध्ये राहून आलेल्या इजिप्तच्या रिफाआ अत-तहतावी यांनी फ्रेंचांच्या मायभूमीच्या कल्पनेसाठी हाच शब्द योजला. नामिक केमाल यांच्या १८७३ च्या तुर्की नाटकाच्या नावातही तो आहे. त्या नाटकाने प्रेक्षक पेटून उठले आणि लेखकाला सायप्रस बेटावर हद्दपारी भोगावी लागली.

मराठीत हा शब्द या नव्या अर्थाच्या कितीतरी आधी, सुलतानी अमलात, फारसीच्या वाटेने आला आणि गावगाड्यात रुजला. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे यांचे पिढीजात अधिकार, त्यांसोबतची इनाम जमीन, हक्क आणि मानपान हे सारे मिळून वतन. त्याच्या वाटण्या होत, ते विकताही येई. तंटा उठला तर गोतसभा बसून निवाड्याचा महजर लिहून देई. मिरासदार, म्हणजे जमिनीवर पिढीजात हक्क असलेल्या शेतकऱ्याचे गावाशी नातेही असेच घट्ट असे. दुष्काळात परागंदा झालेले घराणे बऱ्याच वर्षांनी परतले तरी आपल्या जमिनीवर हक्क सांगू शके. असा हक्क नसलेल्या उपऱ्याला ती सोय नव्हती. गाव आपले असणे म्हणजे गावात आपला वाटा असणे, हा अर्थ मराठीने या शब्दाला दिला, आणि तो फार मोलाचा आहे.

पण वाटा सर्वांचा सारखा नव्हता. महार वतनात तुटपुंजी जमीन आणि बलुते यांच्या बदल्यात निरोप पोचवणे, राखण करणे, सीमेच्या तंट्यात साक्ष देणे अशी कामे रात्री-अपरात्री करावी लागत. जमीन माणसाला धरून ठेवी, ती चाकरीसाठी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. १९३१ मध्ये मुंबईच्या मणिभवनात ते गांधीजींना भेटले तेव्हा, आपल्याला मायभूमीच नाही, असे त्यांनी सांगितले. वतनाचा हा इतिहास बाजूला ठेवून ते उद्गार समजणार नाहीत.

परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या, तर कनिष्ठ ग्रामवतने १९५८ च्या कायद्याने संपली. मायदेश या अर्थाचे 'वतन' आज मराठी कानांवर पडते ते मुख्यतः हिंदी-उर्दू गीतांतून. सातबाऱ्यावर मात्र महार वतनाच्या जमिनी अजून भोगवटादार वर्ग २, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या, म्हणून नोंदलेल्या आढळतात.