गल्लीत मिळेल ते इंजिन

आमचे मामू लालबागच्या गिरणीत फिटर. १९८२ च्या संपात काम गेलं आणि ते टॅक्स्यांची इंजिनं उघडू लागले. म्हणत, "बेटा, इंजिन जोराचं नको. ज्याचा सुटा भाग गल्लीत मिळतो, ते खरं."

१९५७ साली इंग्लंडात कॉलिन चॅपमन यांनी 'लोटस सेव्हन' ही हलकी मोटार आणली. सुटे भाग घेऊन गिऱ्हाइकानं ती घरीच जुळवायची. तयार गाडीवरचा खरेदीकर वाचे. सुरुवातीच्या काही गाड्यांत फोर्डच्या साध्या घरगुती मोटारीचं ११७२ सीसीचं इंजिन होतं. ताकद बेताची, पण वजनच कमी. म्हणून गाडी पळे.

त्याच वळणाची 'चिंकारा रोडस्टर' पुढे आपल्या अलिबागला बनली. इंजिन कुठलं? इसुझूचं १.८ लिटरचं, काँटेसा आणि अँबॅसिडरमध्येही तेच बसत असे. रूप शर्यतीचं, दुरुस्ती मात्र सरकारी साहेबाच्या गाडीची!

काँटेसा २००२ मध्ये थांबली, अँबॅसिडर २०१४ मध्ये. मामू ज्यांवर पोट भरत, त्या पद्मिनी टॅक्स्या २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या. मामूही नाहीत. आज कुणी घरी मोटार बांधायला घेतली, तर इंजिन मिळेलही. गल्लीत ते उघडणारा हात मिळेल का?