रेडीत टाटानगर का झालं नाही?

आज आपण जाऊया वेंगुर्ले तालुक्यातल्या रेडीला. रेडी म्हटलं की पहिल्यांदा गणपती आठवतो. ती द्विभुज मूर्ती 1976 साली सापडली, तीसुद्धा खाणीच्या परिसरातच. म्हणजे गावाच्या पोटात लोहखनिज आणि दारात बंदर. मग इथे पोलादाचं शहर का नाही उभं राहिलं?

उत्तर शोधायला आधी विदर्भात जावं लागेल. 1882 मध्ये जमशेटजी टाटांच्या हाती फॉन श्वार्त्झ या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल पडला. तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात लोहारा इथे उत्तम खनिज आणि त्याच जिल्ह्यात वरोऱ्याला कोळसा. म्हणजे टाटांचा कारखाना महाराष्ट्रातच आला असता! पण वरोऱ्याचा कोळसा चाचणीत नापास झाला. पुढे 1904 मध्ये प्रमथनाथ बोस यांनी मयूरभंजचं खनिज सुचवलं. त्या बाजूला झरियाचा कोळसाही होता. 1907 मध्ये टिस्को स्थापन झाली आणि 1912 मध्ये साकचीत, म्हणजे आजच्या जमशेदपुरात, पोलाद तयार झालं.

कोळशाला एवढं महत्त्व का? त्यापासून बनलेला कोक झोतभट्टीत दोन कामं करतो. उष्णता देतो आणि खनिजातला ऑक्सिजनही काढून घेतो. एक टन कच्च्या लोखंडाला साधारण दीड टन खनिज लागतं, पण कोक नसेल तर ते खनिज नुसता लाल दगड. म्हणूनच खाण, कोळसा, चुनखडी, भट्टी आणि रोलिंग मिल ही सगळी साखळी हातात ठेवणारी कंपनी टिकाव धरते.

रेडीकडे दगड होता, कोळसा नव्हता. त्यामुळे माल बार्जमधून जहाजात आणि जहाजातून परदेशात जात राहिला. नंतर उषा इस्पातने इथे कच्च्या लोखंडाचा कारखाना काढला. पुढे तो टाटा मेटॅलिक्सकडे गेला. म्हणजे टाटा शेवटी रेडीत आले खरे, पण तो कारखानाही बंद झाला.

आज गडचिरोलीत सुरजागडच्या खनिजावर कोनसरीत कारखाना उभा राहतोय. त्याच्या बातम्या वाचताना किती टन खनिज निघालं एवढंच बघू नका. त्यातलं किती तिथेच पोलाद झालं, तेही विचारा. कारण माल कुठेही गेला तरी खाणीचा खड्डा गावातच राहतो.