फिंच, डार्विन आणि राहून गेलेली नोंद

गॅलापागोस बेटांवर चार्ल्स डार्विननं निरनिराळ्या चोचींचे फिंच पक्षी पाहिले आणि तिथंच त्याला उत्क्रांतीची कल्पना सुचली, अशी गोष्ट आपण वर्गात सांगतो. प्रत्यक्षात काय घडलं?

सप्टेंबर १८३५ मध्ये ‘बीगल’ हे सर्वेक्षण करणारं जहाज या बेटांपाशी पोचलं. इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून सुमारे १००० किलोमीटर दूर, समुद्रतळावरच्या ज्वालामुखींतून ही बेटं वर आली आहेत. म्हणजे इथले मूळचे सजीव उडत, वाहत किंवा तरंगत आलेल्यांचेच वंशज. २६ वर्षांचा डार्विन सुमारे पाच आठवड्यांत चार बेटांवर उतरला. समुद्रात बुडी मारून शेवाळ खाणारे मोठे सरडे, माणसाला न भिणारे पक्षी, प्रचंड कासवं असं बरंच काही त्यानं पाहिलं.

वसाहतीचा कारभार पाहणाऱ्या निकोलस लॉसन यांनी त्याला सांगितलं, की कासव कोणत्या बेटावरचं आहे ते आपण पाहताक्षणी ओळखू शकतो. डार्विननं तेव्हा याकडे फारसं लक्ष दिलं नाही. जहाजावर घेतलेली कासवं प्रवासात खाल्ली गेली. फिंचच्या बऱ्याच नमुन्यांवर बेटाचं नाव लिहायचं राहिलं. हे सगळे एकाच गटातले पक्षी आहेत, हेही त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. मॉकिंगबर्ड पक्ष्यांची नोंद मात्र त्यानं बेटवार ठेवली होती.

जानेवारी १८३७ मध्ये लंडनचे पक्षितज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी फिंचचे नमुने तपासले आणि ते एकमेकांच्या जवळच्या, पण वेगवेगळ्या जातींचे असल्याचं सांगितलं. आता प्रश्न आला : कोणती जात कोणत्या बेटावरची? उत्तरासाठी डार्विनला कप्तान फिट्झरॉय आणि इतर सहप्रवाशांच्या संग्रहांवरच्या चिठ्ठ्या पाहाव्या लागल्या. मॉकिंगबर्डच्या तर तीन स्वतंत्र जाती निघाल्या, आणि त्याही वेगवेगळ्या बेटांवरच्या. त्याच वर्षी जुलैमध्ये डार्विननं जाती कशा बदलतात याविषयी वही लिहायला घेतली. फिंचना आजची प्रसिद्धी मिळाली ती बरीच नंतर, विशेषतः डेव्हिड लॅक यांच्या १९४७ च्या पुस्तकामुळे.

वर्गात ही हकिगत अशी पूर्ण सांगितली, तर शोध कसा आकार घेतो ते मुलांना दिसेल. बेटावर गोळा केलेल्या पुराव्याचा अर्थ लंडनमध्ये, अनेकांच्या मदतीनं लागला. मुलं पानं, किडे, दगड गोळा करून आणतात, तेव्हा प्रत्येकासोबत जागा आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी हवीच. तिचा उपयोग काय, हे कदाचित दोन वर्षांनी कळेल.